वहिनी ऑफिसची पायरी चढायलाच तयार नाही, काय करू?

पत्र असं आलंय:

"ताई, माझा भाऊ दहा महिन्यांपूर्वी अटॅकने गेला. ४१ वर्षांचा होता, स्वतःचा टेम्पो चालवायचा. वहिनी तालुक्यापासून आत गावात राहते, ब्लाउज शिवते, त्यात कसंबसं भागतं. मुलगा १६ वर्षांचा, दहावीला गणित आणि इंग्लिश राहिलं, तेव्हापासून घराबाहेर पडत नाही, कुणाशी बोलत नाही, दिवसभर मोबाइल. मुलगी चौथीत. मी आत्या, लांब शहरात नोकरी करते, जमेल तेवढे पाठवते पण माझाही संसार आहे. सरकारी योजना असतात, संस्था असतात असं लोक सांगतात, पण वहिनी म्हणते आपल्याला कुणापुढे हात पसरायचे नाहीत, आणि ऑफिसात नाव गेलं की मुलांना उचलून होस्टेलला टाकतात. मोठा दादा म्हणतो पोराला गॅरेजवर लावू. घराच्या कागदांवर वहिनीची सही पाहिजे असंही त्याचं चाललंय. पोरगा रात्री झोपतानाही तो फोन सोडत नाही, कधी कधी तर फोन बंदच असतो, भावाचा जुना आहे. कुठून सुरुवात करू कळत नाही. - एक आत्या"

अगं आत्या, तू ताई म्हणालीस म्हणून मीही सरळ तू म्हणते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वरती तू लिहिलंयस "दिवसभर मोबाइल", म्हणजे आपण सगळेच सोळा वर्षांच्या पोरांबद्दल जे बोलतो तेच, आणि पार शेवटी जाता जाता लिहिलंयस की तो फोन त्याच्या बाबांचा आहे आणि बंद असतानाही तो उशाशी घेऊन झोपतो. मग ही मोबाइलची सवय नाहीये गं. पोरगं दहा महिने बापाला धरून बसलंय आणि घरात सगळे त्याला "ठेव तो फोन" म्हणून ओरडतायत. वहिनीला आधी एवढंच सांग की त्या फोनवरून त्याला रागावणं बंद कर, आणि सिमचा रिचार्ज संपू देऊ नका, नंबर बंद पडून दुसऱ्याला गेला तर त्या पोराला काय वाटेल याचा विचार करा.

म्हणून सुरुवात पोरापासून, पैशांचं नंतर बोलू.

१४४१६ हा नंबर लिहून घे. टेलि-मानस म्हणतात, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन त्याच्या हातात द्यायचा नाही, तो बोलणार नाही आणि मग सगळे म्हणणार बघा फोन करूनही काही झालं नाही. पहिला फोन तू कर, तुझ्या घरून, निवांत, आणि मला सांगितलंस तसंच सांग, असा असा मुलगा आहे, मी आत्या आहे, त्याच्याशी कसं बोलू. घरच्या माणसांनी विचारायला केलेला फोनही चालतो. दुसरं म्हणजे सरकारी दवाखाना. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी समुपदेशक असतात, आपल्याकडे त्याला मैत्री क्लिनिक म्हणतात, किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं आहे ते. कुठल्या वारी कोण बसतं ते गावातल्या आशाताईला विचारून मगच जा, नाहीतर एसटीने तासभर जायचं आणि दाराला कुलूप बघून परत यायचं. आणि हे एक स्पष्टच लिहिते, तो मरण्याबिरण्याच्या गोष्टी बोलायला लागला, "मी नसलो तरी काय फरक पडतो" असलं काही, किंवा स्वतःच्या आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला तर वार बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं आणि तोवर एकटं सोडायचं नाही.

दहावीचं म्हणशील तर त्याचं घरात जेवढं दुःख चाललंय तेवढं ते मोठं नाहीये. दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर काढायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा असते, परत वर्गात न बसता नुसत्या राहिलेल्या दोन विषयांची परीक्षा पुन्हा देता येते, आणि आयटीआयच्या काही ट्रेडला दहावी नापासही चालतं. बाप गेल्याच्या वर्षात सहा विषयांतले दोन राहिले, खरं तर बाकीचे निघाले कसे हेच नवल. दादाच्या गॅरेजबद्दल मी एकदम नाही म्हणणार नाही, बापाचा टेम्पो होता, पोराला इंजिनात रस असेलही, पण मग दोन विषय काढून आयटीआयला डिझेल मेकॅनिकला जाऊ दे, कागद हातात येईल. १८ च्या आतल्या पोराला धोक्याच्या कामावर ठेवणं कायद्याने बंद आहे, आणि आत्ताच्या मनःस्थितीत त्याला कुणाच्या तरी हाताखाली शिव्या खायला पाठवणं म्हणजे, जाऊ दे, तुला कळलं असेल.

आता वहिनीची भीती. मुलांना उचलून नेतात, होस्टेलला टाकतात. ही भीती वेडेपणाची नाही हं, तिची चेष्टा करू नकोस, गावात असं कुणाचं तरी ऐकलेलं असतं. पण तिच्यासाठी जी योजना आहे ती नेमकी याच्या उलट आहे. बालसंगोपन योजना. हल्ली पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा बाप गेलाय, घटस्फोट झालाय, आईबाप आजारी आहेत किंवा जेलमध्ये आहेत, अशा घरातलं मूल संस्थेत टाकावं लागू नये, घरातच वाढावं, म्हणून सरकार महिन्याला पैसे देतं, १८ वर्षांपर्यंत. पूर्वी १,१०० रुपये होते, २०२३ पासून एका मुलामागे २,२५०. तुझ्या वहिनीची दोन मुलं, म्हणजे महिन्याचे साडेचार हजार. ब्लाउज शिवून साडेचार हजार मिळवायला किती दिवस मान मोडते हे तिला विचार, मग ती जरा ऐकेल.

अर्ज कुठे, तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात. त्याच ठिकाणी किंवा आसपास जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, त्यांनाही विचारता येतं. कागद म्हणशील तर वडिलांचा मृत्यूचा दाखला, मुलांचे आणि आईचे आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, रहिवासी, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, आणि घरासमोर उभं राहून आईचा मुलांसोबत काढलेला फोटो. मग घरी येऊन कुणीतरी चौकशी करून जातं, गृहभेट म्हणतात, आणि प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं. समिती म्हटल्यावर वहिनी परत घाबरेल. ते पोलीस नसतात, एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक बाई असतेच, बहुतेक वेळा एका साध्या खोलीत टेबलामागे बसलेली माणसं. मुलांना घेऊन या म्हणतात कारण मूल खरंच आईपाशी आहे ना, शाळेत जातंय ना, हे त्यांना बघायचं असतं. कायद्याने समितीने महिन्यातले किमान २० दिवस बसायचं असतं, तरी तुमच्या प्रकरणाची तारीख कधी लावलीय ते फोन करून विचारूनच निघा.

या योजनेतली दुखरी बाजूही सांगते नाहीतर नंतर मला शिव्या देशील. पैसे एक तारखेला घड्याळ लावून येत नाहीत. कधी चार-सहा महिने काहीच नाही आणि मग एकदम. त्यामुळे या पैशांवर किराणा उधारीने आणायचा नाही. दरवर्षी परत कागद मागतात, बोनाफाईड परत, म्हणून पोराचं नाव कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेज-आयटीआयला लागलेलं असणं या कारणासाठीही बरं. आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून अजून एक प्रकार आहे, त्यात एका मुलाला महिन्याला ४,००० मिळतात, पण उत्पन्नाची अट कडक, गावात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत. एका मुलासाठी दोन्हीतलं एकच मिळतं. कुठल्यात बसता ते ऑफिसातच विचारा, आणि विचारताना नाव घेऊन विचारा.

हे नाव घेऊन विचारणं मी मुद्दाम परत लिहितेय. माझे वडील गेले तेव्हा मी दहावीत होते. आई एका ऑफिसात गेली आणि म्हणाली, "साहेब, काही मदत मिळेल का". साहेब म्हणाले बघतो. दुसऱ्या खेपेला साहेब फिल्डवर होते. तिसऱ्या खेपेला अर्ज लिहून दिला. चौथ्या खेपेला कळलं असा काही अर्ज इथे आलेलाच नाही, आणि आईकडे दाखवायला काही नव्हतं, फक्त पिशवीच्या कप्प्यात चार खेपांची एसटीची तिकिटं होती, ती तिने का जपून ठेवली होती देव जाणे. तेव्हापासून मी कुणालाही सांगते, "काही मदत" मागायची नाही. "बालसंगोपनचा फॉर्म द्या" असं म्हणायचं. अर्ज दोन प्रतीत न्यायचा, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. नाही म्हणाले तर तिथेच उभं राहायचं, भांडायचं नाही, नुसतं उभं राहायचं, "पोच द्या ना साहेब" म्हणत. त्रुटी आहे म्हणाले तर कुठली त्रुटी ते कागदावर लिहून मागायचं. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या गोष्टींना तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाच आहे, ठरलेल्या दिवसांत द्यावा लागतो, नाही दिला तर वर अपील करता येतं, आणि तो सेतू केंद्रावर नाहीतर आपले सरकार पोर्टलवर ऑनलाइनही निघतो.

पण वहिनी पायरीच चढत नाही म्हणतेस ना, मग पहिल्याच दिवशी तिला जिल्ह्याला नेऊ नकोस. आधी अंगणवाडीत जा. तू म्हणशील तिथे सहा वर्षांपर्यंतची पोरं, आपली तर चौथीत. बरोबर आहे. पण गावात कुणाला बालसंगोपन चालू आहे, कुणाचं प्रकरण अडकलंय, कुठल्या टेबलाला काय लागतं, हे अंगणवाडी सेविकेला ग्रामसेवकापेक्षा जास्त माहीत असतं, तिच्या त्या जाडजूड रजिस्टरांत अख्खं गाव असतं. तिला विचार की गावात आणखी कोण एकटी बाई आहे जिला हे पैसे मिळतात. एक तरी निघेल. त्या बाईला वहिनीच्या घरी चहाला बोलव. तू शंभर वेळा सांगून जे होणार नाही ते ती बाई पासबुक उघडून दाखवेल तेव्हा होईल. हात पसरण्याचं जे आहे ना, ते वहिनी तुझ्याशी बोलताना म्हणणारच, कारण तू सासरची आहेस आणि पैसे पाठवतेस, तुझ्यापुढे आधीच तिला अवघडल्यासारखं होत असणार. जिचा नवरा गेलाय अशा दुसऱ्या बाईपुढे ते वाक्य तोंडातून निघत नाही.

१०९८ पण लिहून ठेव, दहा-नऊ-आठ. लोकांना वाटतं हरवलेल्या किंवा मारहाण होणाऱ्या मुलांसाठीच असतो. १९९६ मध्ये मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू झाला होता, आता सरकार चालवतं. १८ च्या आतल्या मुलाबद्दल काहीही अडचण असली, अगदी आमच्या जिल्ह्याचा बाल संरक्षण कक्ष कुठे आहे, बालसंगोपनला कुणाला भेटू, एवढं विचारायलाही करता येतो. उद्या दादाने खरंच जबरदस्तीने पोराला कामाला पाठवलं तरी हाच नंबर.

वहिनीच्या स्वतःच्या नावाचं काय, तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार. विधवांना महिन्याला १,५०० मिळतात, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, आता पावणेदोन हजारांत कुठलं कुटुंब जगतं ते सरकारच जाणे, पण अट आहे ती आहे. वहिनीला लाडकी बहीणचे १,५०० आधीच येत असतील तर दोन्ही एकदम मिळणार नाहीत, मग या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का ते बघा. असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकदाच २०,००० मिळतात, कमावता माणूस १८ ते ५९ मधला असताना गेला असेल तर. भाऊ ४१ चा होता, बसतो. हा अर्जही तहसीललाच, आणि दहा महिने झालेत तेव्हा आता अजून थांबू नका.

आणि एक गोष्ट जी कुणीच बघत नाही. भावाचं बँकेचं पासबुक एंट्री मारून आण आणि मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये कापलेत का ते शोध. कापले असतील तर ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना, माणूस कशानेही गेला तरी वारसाला दोन लाख. टेम्पोवाल्यांना कर्ज देताना, खातं उघडताना बँकेत सह्या घेतात आणि घरी कुणाला पत्ताच नसतो. २० रुपयांची एंट्री दिसली तर ती अपघात विम्याची, ती इथे लागू नाही. क्लेम लवकर करायचा असतो हे खरं, पण उशीर झालाय म्हणून घरीच बसू नका, मृत्यूचा दाखला घेऊन मॅनेजरला भेटा.

दादाच्या सहीबद्दल मी जास्त लिहिणार नाही, तो तुझा सख्खा भाऊ आहे आणि त्याच्या मनात वाईट असेलच असं नाही. पण वहिनीने कुठल्याही कागदावर सही करायची नाही, वकिलाने वाचल्याशिवाय. हक्कसोड, संमतीपत्र, "नुसती फॉर्मालिटी" म्हणून पुढे केलेला कोरा स्टॅम्पपेपर, काहीच नाही. भावाच्या नावच्या घरात हिंदू वारसा कायद्याने त्याची बायको, मुलं आणि तुमची आई असेल तर ती, सगळ्यांचा सारखा वाटा असतो, आणि अल्पवयीन मुलांच्या नावची स्थावर मालमत्ता आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय सहसा सोडता येत नाही. वकिलाला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न नाही, १९८७ च्या कायद्याने बायकांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील फुकट मिळतो. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती, फोन १५१००. हे काम तू कर, वहिनीने नाही. घरातल्याच बहिणीने वकील आणला की दादालाही भावजयीवर डाफरता येणार नाही. तुला थोडं वाईट व्हावं लागेल. हो.

धाकटीबद्दल तू एकच ओळ लिहिलीयस, चौथीत आहे म्हणून. शांत असेल बहुतेक. शांत पोरांकडेही बघा, मैत्री क्लिनिक १० पासून असलं तरी १४४१६ वर तिच्याबद्दलही विचारता येईल. पुढच्या वर्षी पाचवीत गेली आणि शाळा दुसऱ्या गावाला असली तर एसटीचा पास तिला फुकट मिळेल, पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत आहे तो, शाळेतूनच फॉर्म मिळतो.

आता तू काय करायचं. शनिवार-रविवार बघून जाऊ नकोस, २०२० पासून सरकारी ऑफिसं दोन्ही दिवस बंद असतात. रविवारी पोच आणि सोमवार-मंगळवारची रजा काढ. सोमवारी अंगणवाडी, शाळेतून बोनाफाईड, सेतूवर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज. मंगळवारी बँक, आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा. जिल्ह्याची खेप पुढच्या महिन्यात, सगळे कागद हातात आल्यावर, तेव्हा वहिनी आणि ती दुसरी बाई अशा दोघी सोबत जातील, तू नसलीस तरी चालेल. झेरॉक्स प्रत्येक कागदाच्या पाच काढ, दोनच काढल्या की हमखास तिसरी लागते.

रविवारी संध्याकाळी उजेड असताना तेवढा फोटो उरकून घे, आई आणि दोन्ही पोरं, घरासमोर. त्यासाठी तुझ्या भाच्याला उंबऱ्याबाहेर यावं लागेल. ओढू नकोस, सरकारी फोटो आहे, तिघंही लागतात, एवढंच सांग. आणि कुठल्या फोनवर काढायचा ते त्याला विचार.